सीमा आखून घ्या

तपासनीस म्हणाले, सगळ्यात आधी सीमा आखून घ्या.
मला हसू आलं.
ते लांबचे, सकाळी सांबऱ्याला विमानातून उतरलेले,
त्यांना कसं कळावं
की हुक्केरी तालुक्यात हा शब्द
चहाच्या गाड्यावरसुद्धा आजूबाजूला बघून वापरतात.

त्यांनी कागदावर चौकोन काढला.
मोजायचं ते आत, सोडायचं ते बाहेर.
बेणं आत. युरिया आत. पंपाची वीज आत.
दोन ट्रॉल्यांचं डिझेल, अठरा किलोमीटर, आत.
चिपाडं जाळून वाफ होते, तिचं पुण्य आत.
शेवटी एक लिटर इथेनॉल
आपल्या अंगावर धूर किती, ते सांगेल.
आणि तोडणीच्या टोळीतल्या बायका?
त्यांचा तक्ता वेगळा, म्हणाले,
पान अकरा.

सहा वर्षं मी डिस्टिलरीच्या लॅबमध्ये आहे.
मळीचा वास केसांतून निघत नाही,
मुलगी अंधारातसुद्धा ओळखते, आई आली.
मोजण्यावर माझा विश्वास आहे. हे आधीच सांगते,
नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, नाही.

दुपारी शेतावर गेलो.
नियम असा: दोन हजार आठच्या जानेवारीत
या तुकड्यावर काय होतं?
उपग्रहाच्या फोटोत एक हिरवट डाग.
उतारा कन्नडमध्ये, फॉर्म इंग्रजीत,
आठवण मराठीत.
आदगोंडा म्हणाला, तंबाखू. लिवा की तंबाखू.
त्याची वहिनी लगमव्वा बांधावरून म्हणाली,
वरच्या अंगाला तंबाखू. खाली गोमाळ हुतं.
आमची म्हसरं हितंच चरायची,
टिटवी अंडी घालायची उघड्यावर,
पाय बघून टाकाय लागायचा.
आदगोंडानं तिच्याकडं बघितलं.
तपासनिसांनी माझ्याकडं.
गोमाळ म्हणजे इंग्रजीत काय, त्यांनी विचारलं,
आणि मी जे सांगितलं
त्यात म्हशी होत्या, टिटवी नव्हती.

मग विहीर.
दोर ओढला, बाटली भरली, वर तारीख लिहिली.
काय मोजालीस ग?
पाणी, मावशी.
त्यात काय मोजायचं, ती म्हणाली,
तीन वरसं झाली, तुरीची डाळ शिजंना झालीया.
सोडा घातला तरी दाताखाली येती.

रात्री ब्युरेट लावून बसले.
थेंब, थेंब, थेंब.
जांभळट लाल, काही केल्या निळं होईना.
कठीणपणा: सहाशे चाळीस.
तिला हे पातेल्यानं तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.
डाळीसाठी रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिली, तुरीची डाळ, सोड्यासकट,
आणि तो शेरा सारांशाच्या पानावर पोचेपर्यंत
'स्थानिक निरीक्षण' झाला.

प्रमाणपत्र आलं, लॅमिनेट करून
गेटजवळ गणपतीच्या शेजारी लावलं.
एका मेगाज्यूलला अठ्ठावीस ग्रॅम.
पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.
आकडा खोटा नाही. तीनदा तपासलाय,
मीच काढलाय.
चौकोनाच्या आत सगळं बरोबर आहे.

टँकरच्या यार्डात, वजनकाट्याच्या पलीकडं,
खडीत टिटवीची चार अंडी आहेत,
खडीच्याच रंगाची. पहिल्यांदा मला
फक्त गोलपणामुळं संशय आला.
बॉयलरमागच्या चार विटा आणून
मी भोवती चौकोन मांडला.
ड्रायव्हर गाडी वळवताना दोन्ही भाषांत शिव्या देतात,
पण वळवतात.
टिटवी मात्र माझ्यावरच झेपावते,
रोज सकाळी, नमुन्याच्या बाटल्या घेऊन जाताना,
माझा पाय विटेपासून
वीस पावलं लांब असतानाच.